बोटं तुटली सीमेपलीकडे, भरपाई मागायची कुठे? डहाणू-तलासरीचे जखमी कामगार आणि सरकारी सल्लागार समित्या

मागच्या पावसाळ्यात सहावीतला एक मुलगा सलग आठ दिवस शाळेत आला नाही. असं झालं की आम्ही शिक्षक मंडळी घरी एक चक्कर टाकतो. मुलगा घरीच होता. अब्बांना पाणी देत होता, औषधाच्या गोळ्या फोडून देत होता. अब्बांच्या डाव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. सीमेपलीकडच्या एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर त्यांची दोन बोटं गेली होती. ठेकेदार आदल्या दिवशी येऊन गेला होता. वीस हजार रुपये रोख आणि सोबत एक स्टॅम्प पेपर, गुजरातीत टाइप केलेला. वाचता कुणालाच येत नव्हता. भाभींनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "सर, ये पैसा लेना के नहीं?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. बीएड झालेला माणूस, दोन भाषा लिहिता-वाचता येतात, वर्तमानपत्र रोज वाचतो, आणि एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही, याची लाज वाटली. पुढचे काही महिने आम्ही चार-पाच शिक्षक, जमातीतले दोन बुजुर्ग आणि एक वकील मित्र असे या विषयाच्या मागे लागलो. जे कळलं ते इथे मांडतो आहोत, कारण आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांतून रोज सकाळी कुणीतरी डबा घेऊन असाच बाहेर पडतो.

आधी नकाशा समजून घेऊ. तलासरी हा महाराष्ट्राचा शेवटचा तालुका. हायवेवर आच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात. भिलाड, सरीगाम, उमरगाव, वापी हे सगळे औद्योगिक पट्टे हाकेच्या अंतरावर. डहाणू, घोलवड, बोर्डीकडची माणसं गाडीने उमरगाव-वापीला जातात, तलासरी-उधव्याकडची टेम्पोत कोंबून. दक्षिणेला गेलं तर तारापूरची एमआयडीसी. खुद्द डहाणूत मोठी कारखानदारी नाही, त्यालाही कारण आहे. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि उद्योगांसाठी पाचशे एकरांची मर्यादा घातली. चिकूच्या वाड्या वाचल्या, खाडी वाचली, चांगलंच झालं. पण पोट तर भरायचं असतं. म्हणून इथला मजूर बाहेर जातो. हवा आपण इथली राखली आणि हात-पाय तुटायचे ते सीमेपलीकडे तुटतात, असा हा हिशेब आहे.

जे डहाणूतच राहतात त्यांनाही धोका नाही असं नाही. फुग्यांचे कारखाने, राइस मिल, छोटी वर्कशॉप, बांधकामं. फरक इतकाच की तिथे मालक ओळखीचा असतो आणि ओळखीच्या माणसाविरुद्ध तक्रार करणं जास्त अवघड.

आता त्या वीस हजारांकडे वळू. हा अपघात झाला तेव्हा १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होता. शंभर वर्षांपूर्वीचा, इंग्रजांच्या काळातला कायदा, पण त्यातली चार कलमं अशी आहेत की ती मशिदीच्या फलकावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवावीत.

पहिलं म्हणजे कलम १७. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कोणताही करार रद्दबातल. म्हणजे तो गुजराती स्टॅम्प पेपर, त्यावर अंगठा असो की सही, हक्क संपवू शकत नाही. दुसरं कलम ८. कामगाराचा मृत्यू झाला असेल तर मालकाने पैसे वारसांच्या हातात देऊन चालत नाही, ते आयुक्तांकडे जमा करावे लागतात. थेट हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. मय्यतीच्या घरी शेठ पाकीट घेऊन येतो, चार माणसांसमोर देतो, आणि सगळे म्हणतात, शेठने चांगुलपणा केला. केला असेल. पण भरपाई अजून बाकीच आहे. तिसरं कलम १२. ठेकेदाराचा माणूस असला तरी ज्याच्या कामावर अपघात झाला तो मूळ मालक जबाबदार. आणि चौथं, आमच्या भागासाठी सगळ्यात मोठं, कलम २१. दावा अपघात झाला तिथेच लावायचा अशी सक्ती नाही. जखमी कामगार किंवा मृताचे वारस जिथे राहतात, त्या भागाच्या आयुक्तांकडेही दावा करता येतो. १९९५ च्या दुरुस्तीने ही सोय झाली. बोटं गुजरातमध्ये तुटली म्हणून वलसाडच्या फेऱ्या मारायची गरज नाही. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालय पाहतं.

आता रक्कम. कायद्याच्या परिशिष्टात कोणत्या अवयवासाठी किती टक्के ते ठरवून दिलेलं आहे. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, अंगठा गेला तर ३० टक्के, चारही बोटं गेली तर ५० टक्के. हिशेब असा: महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे येणारा आकडा, आणि त्याचे हे टक्के. आमच्या या भाईंचं वय ३५, पगार १२,०००. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. पस्तिसाव्या वर्षासाठी आकडा १९७.०६. गुणाकार चौदा लाख अठरा हजार आठशे बत्तीस. त्याचे २० टक्के म्हणजे दोन लाख त्र्याऐंशी हजारांच्या वर. शिवाय दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा. रक्कम देय झाल्यावर महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि कारण योग्य नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद. समोर आले होते वीस हजार.

हा गुणाकार आम्ही दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडला होता, नाव न घेता. वर्ग एकदम शांत झाला. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, पायाचं किती?"

कारखान्याला ईएसआय लागू असेल तर वाट वेगळी. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर भरपाई मालकाकडून नाही, महामंडळाकडून मिळते. कामावर इजा झाली की पहिल्या दिवसापासून हक्क आहे, अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. अपंगत्व तात्पुरतं असेल तर पगाराच्या साधारण ९० टक्के, कायमचं असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या प्रमाणात दरमहा. मालकाने नोंदणीच केली नसेल तर? तरीही कामगाराचा हक्क बुडत नाही, महामंडळ मालकाकडून वसूल करू शकतं.

इतके कायदे असताना माणूस वीस हजारांवर का थांबतो? आमचं म्हणणं असं की कायदा कमी पडत नाही, मधली साखळी तुटलेली आहे. बघा, एक अपघात झाला की तो किती दारांत विभागला जातो. जखम दवाखान्यात. गुन्हा पोलिसांकडे. यंत्राला गार्ड होतं की नाही ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. विमा ईएसआयकडे. भरपाई कामगार न्यायालयात. बांधकाम मजूर असेल तर त्याचं वेगळं कल्याणकारी मंडळ. अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयात. आणि सीमा ओलांडली की यातली बहुतेक दारं दुसऱ्या राज्याची. प्रत्येक दारावर एकच प्रश्न विचारतात, आधीच्या दाराचा कागद आणला का? एका हाताला पट्टी बांधलेला माणूस ही दारं एकट्याने कशी फिरणार? रोजंदारी बुडते ती वेगळीच.

आणि पहिला कागदच बऱ्याचदा चुकीचा बनतो. सोबत आलेला मुकादम दवाखान्यात सांगतो, मोटारसायकलवरून पडला. डॉक्टर तेच लिहितात. आमच्या भाईंच्या बाबतीतही एका दवाखान्यात असंच झालं, केसपेपरवर "घरी पडून" लिहिलं होतं. घरी पडून दोन बोटं सरळ रेषेत कापली जातात हे लिहिणाऱ्याला खटकलं नाही.

ही दारं जोडायची कुणी? यासाठीच सल्लागार समित्या असतात. म्हणजे असायला हव्यात. समित्यांची तर कायद्यात रेलचेल आहे. ठेका कामगार कायदा १९७० मध्ये राज्य सल्लागार मंडळ. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात राज्य सल्लागार समिती. ईएसआयमध्ये प्रादेशिक मंडळ आणि त्याखाली स्थानिक समित्या. कारखाने कायद्यात १९८७ नंतर धोकादायक कारखान्यांसाठी सुरक्षा समिती, तिच्यात कामगार आणि व्यवस्थापन समसमान. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम १७ नुसार राज्याने सुरक्षा आणि आरोग्य सल्लागार मंडळ नेमायचं आहे. कागदावर सगळं आहे.

पण या सगळ्यांत बसतं कोण? सरकारचे अधिकारी, मालकांचे प्रतिनिधी, आणि कामगारांच्या वतीने नोंदणीकृत युनियनचे पुढारी. आच्छाडच्या पलीकडे ठेकेदाराच्या टेम्पोतून जाणारा माणूस कोणत्याही युनियनमध्ये नाही. ज्याची बोटं गेली तो, किंवा ज्याच्या घरातला कमावता गेला ती बाई, यांच्यासाठी यातल्या एकाही कायद्याने वेगळी खुर्ची ठेवलेली नाही. अपघाताचा सल्ला अपघात न झालेली माणसं देतात.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. भोपाळ आठवा. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने मोहम्मद अशरफ खान नावाचा कामगार गेला. गावाला धोका आहे हे सांगणारा तो पहिला इशारा होता. त्याची दखल घेतली गेली असती तर तीन वर्षांनी २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री काय झालं असतं, हा प्रश्न आजही छळतो. सुरक्षा समितीचं १९८७ चं कलम त्या हजारो मय्यतींनंतर आलं. आणि नंतरची लढाई कुणी चालवली? अब्दुल जब्बार स्वतः गॅसपीडित होते, त्यांच्या संघटनेत महिला पुढे होत्या. तीस-पस्तीस वर्षं ते कोर्टात आणि रस्त्यावर राहिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांचं निधन झालं, नंतर मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पीडित माणूस फाइलची एकेक तारीख लक्षात ठेवतो, कारण त्याला विसरता येत नाही. बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याकडून ती अपेक्षा करता येत नाही.

आमच्या भागाला जास्त लागू पडणारं उदाहरण गोध्र्याचं आहे. मध्य प्रदेशच्या झाबुआ, अलिराजपूर, धार भागातले आदिवासी मजूर गुजरातमध्ये गोध्र्याकडच्या दगड दळायच्या कारखान्यांत कामाला जायचे. तिथली बारीक धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस व्हायचा आणि माणसं गावी परत येऊन मरायची. मृत्यू एका राज्यात, कारण दुसऱ्या राज्यात. तलासरीला हे समजावून सांगावं लागत नाही. आजारी माणसांनी आणि कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून याद्या बनवल्या, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये शिफारस केली, आणि ४ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला सांगितले. त्या याद्या नसत्या तर न्यायालय कुणासाठी आदेश देणार होतं? राजस्थानने पुढे २०१९ मध्ये या आजारासाठी धोरणच केलं. तिथे वैद्यकीय मंडळ तपासून दाखला देतं आणि त्या दाखल्यावर मदत मिळते. म्हणजे सरकारने ठरवलं तर दारं जोडता येतात.

बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेच्या वर कामगार गेले. तिथे एक समन्वय समिती बनली: सरकार, मालक, युनियन, परदेशी कपडा कंपन्या, सगळे एका टेबलावर आणि अध्यक्षस्थानी आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, म्हणजे कुणाच्याच बाजूची नाही. प्रत्येक घराचा वेगळा हिशेब केला, वय, पगार, मागे राहिलेली माणसं पाहून. जून २०१५ मध्ये तीन कोटी डॉलरचा निधी पूर्ण झाला. दोन वर्षं लागली, कंपन्यांनी रडतखडत पैसे दिले, हे खरं. पण घराघराचा हिशेब एका ठिकाणी झाला.

एवढं लांब कशाला, डहाणूतच एक नमुना आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये जाईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. एका तालुक्यासाठी एक प्राधिकरण, आणि लोकांचं ऐकून घेणारं. थर्मल पॉवर स्टेशनच्या धुरातला गंधक काढायचं यंत्र बसवा असा आदेश १९९९ मध्ये दिला, ते यंत्र २००७ मध्ये सुरू झालं. आठ वर्षं लागली, पण पाठपुरावा सोडला नाही. वाढवण बंदराला याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता आणि ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह परवानगी दिली. या दुसऱ्या निर्णयावर आमच्या मच्छीमार बांधवांचा राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. तो वाद इथे नको. आमचा मुद्दा वेगळा: झाडांसाठी, खाडीसाठी आणि धुरासाठी तालुक्याला एक प्राधिकरण मिळू शकतं, तर माणसांच्या हातापायांसाठी का नाही?

आणि वेळ आत्ताच आहे. ७६,२२० कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. बुलेट ट्रेनचे खांब तलासरी-डहाणूतून उभे राहिले आहेत, मुंबई-वडोदरा महामार्ग इथूनच जातो. यूपी, बिहार, झारखंडचे मजूर येऊन राहिले आहेत, त्यातले बरेच आपल्याच मशिदींत जुम्याला दिसतात. उंचीवर काम, क्रेन, विजेच्या तारा. मोठा अपघात झाला की मंत्री येतात. तारापुरात जानेवारी २०२० मध्ये कोलवड्याच्या स्फोटानंतर सरकारने मृतांच्या वारसांना पाच-पाच लाख जाहीर केले, ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषध कंपनीत वायुगळतीने चार कामगार गेले तेव्हाही बातम्या झाल्या. पण एका वेळी एकच माणूस, एकच बोट, एकच डोळा, याची बातमी होत नाही. आमच्या भागात अपघात असेच होतात, सुट्टे सुट्टे.

नव्या संहितांबद्दल थोडं. एक गोष्ट चांगली झाली: घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही आता, वेळ आणि ठिकाणाचा कामाशी संबंध जुळत असेल तर, कामावरचाच धरला जाणार आहे. हायवेवर टेम्पो उलटला तर याचा उपयोग आहे. दंड झाला तर त्यातला निम्मा तरी पीडिताला द्यायला न्यायालय सांगू शकतं, हेही चांगलं. पण "कारखाना" म्हणजे काय याची मर्यादा वीज असेल तर १० वरून २० कामगार आणि वीज नसेल तर २० वरून ४० केली आहे. सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती साध्या कारखान्यात ५०० कामगारांपासून, धोकादायक असेल तर २५० पासून. आमच्याकडची पंधरा माणसांची प्रेस शॉप यात कुठेच बसत नाहीत. बोटं मात्र तिथेच जातात.

मग तालुक्याच्या समितीने करायचं काय? आम्ही जिल्हा प्रशासनाकडे द्यायचं निवेदन तयार केलं आहे. त्यात आम्ही नवा कायदा मागितलेला नाही. डहाणू आणि तलासरी मिळून एक समिती, आणि तिला एक समन्वयक, ज्याचं नाव आणि फोन नंबर दवाखान्यात, स्टेशनवर, पंचायतीत लावलेला असेल. कुठल्याही दवाखान्यात कापलेला, भाजलेला, चिरडलेला माणूस आला की "कामावर झालं का?" हा प्रश्न विचारून नोंद व्हावी आणि ती नोंद आठवड्याला समन्वयकाकडे यावी. वापी आणि सिल्वासाच्या दवाखान्यांतूनही यावी, कारण आपली माणसं जास्त करून तिकडेच नेली जातात. यासाठी दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांनी बोलावं लागेल. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या १९७९ च्या कायद्यात तर ठेकेदाराने मृत्यू किंवा गंभीर इजा झाली की दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि नातेवाइकांना कळवायचं असं लिहिलेलंच होतं. अशी किती पत्रं तलासरीत आली, हे माहिती अधिकारात विचारायचं आम्ही ठरवलं आहे.

आणि समितीत निम्मी माणसं पीडित असावीत. त्यात वारली असतील, कोकणा असतील, कातकरी असतील, मुसलमान असतील, यूपीचा भय्या असेल. हा फक्त आपल्या समाजाचा प्रश्न म्हणून मांडला तर तो तिथेच संपेल. तलासरी तालुक्यात दहातली नऊ माणसं आदिवासी आहेत, सगळ्यात जास्त बोटं त्यांची गेली आहेत. याच तालुक्यातल्या झरी गावात मे १९४५ मध्ये हजारो वारली एकत्र आले आणि वेठबिगारी करणार नाही म्हणाले, हे आम्ही मुलांना शिकवतो. शिकवायचं आणि समिती मात्र शिकलेल्यांची करायची, हे बरं दिसत नाही. बैठकीला आलेल्या पीडिताला त्या दिवसाची मजुरी आणि भाडं मिळालं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या बैठकीला तो येणार नाही आणि तिसऱ्या बैठकीत फक्त चहा-बिस्किटं उरतील. अशा समित्या आम्ही शाळेत पुष्कळ पाहिल्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची सही घरी जाऊन आणली जाते, आम्हीच आणली आहे.

आता थोडं कडू, पण बोलायलाच हवं. छोट्या वर्कशॉपचे मालक आपल्यातलेही आहेत. उमराह करतात, मदरशाला चंदा देतात, रमजानमध्ये कामगारांना किटही वाटतात. पण ईएसआयची नोंदणी विचारली की म्हणतात, "वो सब लफड़ा है, हमारे यहाँ सब घर जैसा है." घरच्यासारखा असेल तर त्याचा हात तुटल्यावर घरच्यासारखा हिशेब व्हावा. मजुराचं देणं थकवणं गुनाह आहे हे मिंबरवरून आपण लहानपणापासून ऐकत आलो. तुटलेल्या हाताची कायद्याने ठरवलेली भरपाई हेही देणंच आहे, खैरात नाही.

दुसरी गोष्ट तकदीरची. जखमी घरांत आम्ही गेलो की पहिलं वाक्य हेच असतं, "अल्लाह की मर्ज़ी, सर." सब्र करावा, जरूर करावा. पण प्रेसचं गार्ड काढून ठेवायचा निर्णय सुपरवायझरचा होता, जास्त माल निघावा म्हणून. त्याचा जाब दुनियेत विचारायचा असतो.

समिती होईल तेव्हा होईल. तोपर्यंत घरात एवढं ठेवा: दवाखान्यात पहिल्याच दिवशी स्वतः सांगा की कामावर लागलं, आणि केसपेपरवर ते लिहिलंय का ते वाचा, वाचता येत नसेल तर मुलाला वाचायला सांगा. फोनवर यंत्राचा, जागेचा, गेटचा फोटो. पगाराचा कुठलाही पुरावा, ऑनलाइन आलेला असेल तर बँकेची नोंद. सोबत काम करणाऱ्या दोघांचे नंबर. ठेकेदाराचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. न वाचता येणाऱ्या कागदावर सही नको. आणि दोन वर्षं उलटू देऊ नका. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती आहे; स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळायचा १९८७ च्या कायद्याने हक्क आहे. ही समिती तरी प्रत्यक्षात आहे, कोर्टाच्या आवारात चौकशी केली की सापडते.

आमच्या भाईंनी ते वीस हजार घेतले. घरात रेशन नव्हतं, आम्ही नको म्हणू शकलो नाही. सही मात्र केली नाही, पैसे मिळाल्याची साधी पावती मराठीत लिहून दिली, "उपचारासाठी आगाऊ" असं तिच्यात नमूद करून. केसपेपर दुरुस्त करून घ्यायला चार फेऱ्या पडल्या. दावा महाराष्ट्रातच लावला आहे, राहत्या पत्त्यावरून. मालकाला नोटीस गेली, त्याचं उत्तर आलं की असा कुणी माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता. ठेकेदाराने रात्री साडेअकराला पाठवलेला मेसेज, "कल प्रेस पे जल्दी आना", त्याची प्रिंट आता फाइलमध्ये आहे. मुलगा सातवीत गेला. अब्बा आच्छाडजवळ चहाच्या टपरीवर बसतात, एका हाताने ग्लास धुतात. पुढच्या तारखेला आम्ही दोघे शिक्षक रजा टाकून सोबत जाणार आहोत.